ट्रेचा कोपरा

२ मार्च

चिमणे,

तुझं पाकीट काल पोचलं. फोन न करता लिहितेय, कारण फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं आणि तू धाडकन ठेवून देतेस. शिवाय फोन गल्ल्याशेजारी आहे आणि बाबा दिवसभर गल्ल्यावरच बसलेले असतात. कागदाला मध्येच बोलता येत नाही, तेवढंच बरं.

तुझ्या हॉस्पिटलने छापलेलं ते पत्रक वाचलं. 'मधुमेहींसाठी हलका लझान्या.' खाली तुझं नाव, पुढे 'आहारतज्ज्ञ'. पास्त्याच्या पट्ट्यांऐवजी झुकिनीचे काप. मैद्याच्या पांढऱ्या सॉसऐवजी उकडून वाटलेला फ्लॉवर. चीज निम्मं. इथपर्यंत मी दात-ओठ खात वाचलं. पण ते शेवटचं वाक्य! 'चवीत फरक कळणारसुद्धा नाही.' हे कुठल्या तोंडाने लिहिलंस ग? चाळीस वर्षं या खानावळीत एकच पदार्थ भाजला जातोय. त्याच्या जिवावर तू शिकलीस, त्याच्याच वासात तुझे गणवेश वाळले. आणि आता तुला फरक कळत नाही?

तरी केला. बाबांसाठी केला. तू लिहिलंस तसाच, ग्रॅम-ग्रॅम मोजून. ट्रे कापला तर आत तळं साचलेलं. कापांना पाणी सुटतं हे तुझ्या हॉस्पिटलात कुणी सांगितलं नाही का? सॉस एकीकडे, चीज दुसरीकडे, मध्ये हिरवे काप पोहतायत. बाबांनी ताटलीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "ही काकडीची चुलत बहीण माझ्या ट्रेमध्ये आंघोळ का करतेय?" नंतर दोन उकडलेली अंडी खाऊन उठले.

पायाचं सांगते. डिसेंबरात डाव्या पायाची करंगळी काढली, ती जखम अजून ओलीच आहे. डॉक्टर म्हणाले, वीस एप्रिलला बघू. तोवर साखर उतरली नाही आणि जखम भरली नाही, तर पाय घोट्यापासून काढावा लागेल. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि डॉक्टरांना विचारलं, "जेवायला येता का एकदा?"

तू मागितलेला महिनाभराचा साखरेचा तक्ता सोबत जोडलाय. रोज चार वाजता मोजते, एकही दिवस चुकलेला नाही. ते तुझं 'चुकवू नकोस हं' पुन्हा लिहू नकोस.

ताई


८ मार्च

ताई,

पत्रक रुग्णांसाठी आहे, खानावळीच्या स्पर्धेसाठी नाही. माझ्यासमोर रोज तीस माणसं बसतात. त्यांतली सहा-सात पायाला पट्टी बांधूनच आलेली असतात. त्यांना मी 'हे खा' म्हटलं नाही, तर ती काहीच सोडत नाहीत. म्हणून लिहिलं ते वाक्य. तुला नाकाला मिरच्या झोंबल्या, झोंबू देत.

पाण्याचं कबूल. काप मीठ लावून अर्धा तास ठेव, मग पुसून घे. एवढं तुला सुचायला हवं होतं. तू आयुष्यभर स्वयंपाकघरात आहेस.

आता तक्ता. ताई, मी तो समोर ठेवून संध्याकाळभर बघत बसले. सोमवारी एकशे चाळीस. पुढच्या सोमवारी एकशे पस्तीस. चारही सोमवार असेच. आणि उरलेल्या सहा दिवशी दोनशे सत्तर, दोनशे नव्वद, एकदा तर तीनशे बारा. सोमवारी काय असतं? खानावळ बंद असते. म्हणजे तुला वेळ असतो. म्हणजे सोमवारी तू त्यांच्याकडे लक्ष देतेस आणि बाकीचे सहा दिवस त्यांना वाऱ्यावर सोडतेस. याशिवाय दुसरा अर्थ मला तरी दिसत नाही.

ते चोरून खातायत आणि तुला गिऱ्हाइकांपुढे दिसत नाही, किंवा दिसतंय आणि तू गप्प बसतेस. कारण त्यांना नाही म्हणणं तुला कधीच जमलं नाही. तुझ्या लाडापायी त्यांचा पाय जाणार आहे. हे कडू लागेल, पण मी बहीण म्हणून नाही, आहारतज्ज्ञ म्हणून लिहितेय.

मला एका दिवसाचा पूर्ण हिशेब हवाय. सकाळपासून चार वाजेपर्यंत तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट.

चिमणी


१४ मार्च

आहारतज्ज्ञ बाईसाहेब,

तुमचं पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. लाड? मी? सहाला उठून त्यांची पट्टी मी बदलते. त्या जखमेचा वास तुला माहीत आहे का? तुला तक्ता माहीत आहे. बारा तासांच्या अंतरावर बसून उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं?

तुला हिशेब हवा ना? घे. काल मी ओव्हन मदतनीस मावशींवर सोपवला आणि वाढायच्या खिडकीतून दिवसभर बाबांवर पाळत ठेवली. जन्मदात्यावर! तुझ्यामुळे. एकेक गोष्ट लिहून काढली, ती जशीच्या तशी उतरवते.

साडेसात. दोन अंडी, काकडी, टोमॅटो, बिनसाखरेचा चहा.

साडेनऊ. गोळ्या, पाणी.

सव्वाअकरा. पहिला ट्रे. नेहमीसारखा कोपरा चाखला, मान हलवली. ट्रे बाहेर गेला.

पावणेबारा. दुसरा ट्रे. मान हलवली.

साडेबारा. तिसरा. 'मिरपूड जास्त' म्हणाले. नव्हती.

पाऊण. समोरच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरने वाढदिवसाचा केक पुढे केला. बाबा म्हणाले, "नको रे, धाकटीने बंदी घातलीय." ऐकलंस? हात लावला नाही.

एक. चौथा ट्रे. मान हलवली.

दीड. पाचवा. मान हलवली, शिवाय 'हं' म्हणाले. म्हणजे चांगला होता.

दोन. जेवण. भाजलेलं चिकन, वाफवलेल्या शेंगा, ताक. पाव नाही, बटाटा नाही, काही नाही.

अडीच. सहावा ट्रे.

तीन. सातवा. मान हलवली.

चार. साखर दोनशे एक्याऐंशी.

बघ. जेवणाव्यतिरिक्त एक घास त्यांच्या तोंडात गेला नाही. सांग आता मी कुठे डोळेझाक केली. ती गोळी बदलायला हवी, नाहीतर तुझं ते यंत्र बिघडलंय. आणि सोमवारी ते झोपून असतात म्हणून साखर कमी येते, एवढी साधी गोष्ट तुझ्या पुस्तकात नसेल.

आणि मिठाचं मला शिकवू नकोस. मीठ लावून पुसलेल्या कापांनाही ओव्हनमध्ये पाणी सुटतंच. ते आधी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजावे लागतात, डाग पडेपर्यंत. मग फडक्यात गुंडाळून वर जड तवा ठेवायचा. आणि फ्लॉवर उकडायचा नाही, भाजायचा. उकडला की तोही पाणी पितो. हे मी चार वेळा करून शोधलंय, रात्रीची झोप मोडून नाही, भर दुपारच्या गर्दीत. लाड करणारी बाई असं करते का?

ताई


१९ मार्च

ताई,

तुझं पत्र मी हॉस्पिटलच्या मधल्या सुट्टीत वाचलं आणि खिडकीतून तुझं पहारा देणं वगैरे वाचून मला रागही आला, हसूही आलं. हिशेब दोनदा वाचला. तिसऱ्यांदाही मला काही सापडलं नाही. मनात म्हटलं, ताईचं बरोबर आहे, गोळीच बदलायला हवी. तसं डॉक्टरांना लिहायला कागदसुद्धा घेतला.

मग लिहिताना तुझी यादी उतरवू लागले आणि 'पहिला ट्रे, चाखला' इथे पेन थांबलं.

ताई, सात.

आपल्या दोघींनाही ते दिसलं नाही. मला तर दिसायलाच हवं होतं, ते माझं पोट भरायचं काम आहे. पण मीही त्याच स्वयंपाकघरात वाढले. ट्रे ओव्हनमधून निघाला की बाबा खिशातून तो एक दात वाकलेला काटा काढणार, एक कोपरा उचलणार, तो जिभेवर उतरेपर्यंत सगळे गप्प राहणार. समोरचा कोपरा आईचा, उरलेले दोन आपले. तो खाऊन आपण वर म्हणायचो, भूक लागलीय, जेवायला वाढ. कारण चाखणं म्हणजे खाणं नव्हतं. ते काम होतं. कुणी विचारलं असतं, आज काय खाल्लंस, तर आपल्यापैकी एकीनेही कोपरा सांगितला नसता.

काल मी पास्ता आणला आणि आपला खराखुरा ट्रे भाजला. आठ वर्षांनी. बाबा काढतात तसा कोपरा काढला, चार बोटं रुंद, थेट तळापर्यंत. वजन केलं. बहात्तर ग्रॅम. सात कोपऱ्यांचे पाचशे चार. गिऱ्हाइकाच्या ताटात आपण अडीचशे वाढतो. म्हणजे तुझ्या त्या भाजलेल्या चिकनच्या मागेपुढे बाबा रोज लझान्याची दोन भरलेली ताटं खातात. मैदा, चीज, लोणी, सगळं. आणि सोमवारी ओव्हन बंद.

जानेवारीच्या मध्यापासून ते पुन्हा गल्ल्यावर बसतायत. नऊ आठवडे झाले. तीनशे अठ्ठ्याहत्तर कोपरे. तेवढ्या दिवसांत आपण काय केलं? मी पत्रक छापलं. तू तळ्यावरून मला शिव्या घातल्यास. मी तुझ्यावर खापर फोडलं. मला स्वतःचा इतका संताप आलाय की काल तो सगळा ट्रे मी कचऱ्यात टाकला.

सोमवारचं जे लिहिलं ते चूक होतं. माफ कर. पण ताई, आजपासून त्यांचं चाखणं बंद. आज म्हणजे आज. वीस एप्रिलला एकच महिना उरलाय.

चिमणी


२४ मार्च

चिमणे,

तुझं पत्र आलं तेव्हा सहावा ट्रे निघत होता. मी वाचलं, वर बघितलं तर बाबांचा काटा कोपऱ्यात रुतलेला. आणि मी काय केलं माहीत आहे? गप्प उभी राहिले. त्यांनी चावलं, गिळलं, मान हलवली. सातवा निघाला, तेव्हाही गप्पच.

खानावळ बंद केल्यावर सांगितलं. तुझे बहात्तर ग्रॅमही सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "चाखल्याने कुणाला साखर होत नाही." मी पुन्हा सांगितलं. म्हणाले, "मग न चाखता ट्रे बाहेर पाठवू? गिऱ्हाइकाच्या तोंडावर प्रयोग करू?" मी म्हटलं, नखाएवढा चाखा. "चाखायचं तर तळापर्यंत, नाहीतर वरचं चीज चाटून कुणालाही सांगता येतं." मी म्हटलं, मी चाखते. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांचे कपडे घालते म्हणाले. काटा खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. दुसऱ्या दिवशी सव्वाअकराला हजर.

तू लिहिलंस की त्यांना नाही म्हणणं मला जमत नाही. खरं आहे. पण लाडाने नाही. एकोणीस वर्षं हे स्वयंपाकघर मी चालवते. सॉस माझा, हात माझा, भाजलेली बोटंही माझीच. तरी दिवसातून सात वेळा माझी परीक्षा होते. याची मला चीड येते, रोज येते. आणि तरी त्यांची मान हलली की मला बरं वाटतं ग. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, आणि एका म्हाताऱ्याची मान हलावी म्हणून ओव्हनपाशी श्वास रोखून उभी राहते. त्या सात माना मला हव्या असतात. म्हणून मला कोपरा दिसला नसेल. आता हे तुझ्या तक्त्यात कुठल्या रकान्यात भरायचं ते तूच सांग.

तू लिही त्यांना. तुझं ऐकतील. तुझं नेहमीच ऐकतात.

ताई


२८ मार्च

बाबा,

गोड बोलून लिहिणार नाही. गोड तुम्हाला बंदच आहे.

माझ्याकडे गेल्या आठवड्यात एक शिंपी आले होते. तुमच्याच वयाचे. गुडघ्याखाली पाय नाही. मशीनचं पायडल आता त्यांची बायको मारते आणि ते शेजारी बसून दोरा ओवून देतात. मला म्हणाले, "बाई, मला कुणी ठणकावून सांगितलंच नाही." मी तुम्हाला ठणकावून सांगतेय. तुमच्या त्या काट्याने तुम्ही रोज सात वेळा स्वतःचा पाय खाताय.

ताईच्या हाताला काय झालंय? तिचा ट्रे कधी परत आलाय? शेवटची चूक तुम्ही तिच्या कामात कधी काढलीत, आठवून सांगा. नाही आठवणार. मग तुम्ही चाखता ते गिऱ्हाइकासाठी नाही, स्वतःसाठी चाखता. आणि तुमच्या या हट्टाची पट्टी रोज सकाळी ती बदलते.

काटा तिला द्या.

चिमणी


३ एप्रिल

धाकटे,

पत्र मिळालं. तुझं अक्षर अजून गिचमिडच आहे.

बापाला शिकवायला निघालीस ते ठीक, शिकवण्यासाठीच तुला शिकवलं. पण 'स्वतःसाठी चाखता' हे लिहिताना तुझा हात थरथरला नाही? हो, स्वतःसाठी चाखतो. मग? हात थरथरायला लागला म्हणून सुरी थोरलीने घेतली. डोळ्यांना धूर सोसेना म्हणून ओव्हन घेतला. पाय गेला तर गल्लाही जाईल. या खानावळीत माझी म्हणून एकच जागा उरलीय, माझी जीभ. ती काढून घ्या आणि मला दारात खुर्चीवर बसवा. येणारा-जाणारा म्हणेल, हे जुने मालक बरं का, यांना नमस्कार करा. तुझ्या त्या शिंप्याला निदान दोरा ओवता येतो.

आणि थोरलीची चूक सापडावी म्हणून मी चाखतो असं तुला कुणी सांगितलं? चूक नसते म्हणूनच चाखतो. दिवसात तेवढंच एक निर्मळ सुख असतं. हे तिला सांगायचं नाही. डोक्यावर बसेल.

ती काकडी-फ्लॉवरची गंमत पुन्हा माझ्यापुढे आणाल, तर ताट फेकून देईन. एकदा फेकलंच आहे, थोरलीने तुला कळवलं नसेल.

बाबा


२६ एप्रिल

चिमणे,

वीस तारखेची वाट बघावीच लागली नाही. नऊ एप्रिलला सकाळी पट्टी सोडली तर करंगळीशेजारचं बोट काळं पडलेलं. मी रिक्षा बोलवायला धावले. बाबा मात्र म्हणाले, "शाई लागली असेल." त्याच दुपारी बोट काढलं. तुला फोनवर तेवढंच सांगितलं, बाकीचं आता सांगते.

ऑपरेशनला नेताना त्यांना तो मागून बांधायचा हॉस्पिटलचा झगा घातला. त्याला खिसा नसतो. बाबा दोन्ही हातांनी छाती चाचपत राहिले, मला वाटलं दुखतंय. मग त्यांनी उशीखालून काटा काढला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, "सांभाळ. वापरू नकोस." इतका राग आला मला! बोट कापायला निघालेला माणूस, आणि धाक कसला, तर काटा वापरू नकोस.

मी वापरला. आठ दिवस, रोज सात ट्रे, नखाएवढा कोपरा. पहिल्या दिवशी माझी जीभ सुन्न झाली होती, काही म्हणजे काही कळेना. चौथ्या दिवशी तिसऱ्या ट्रेमध्ये जायफळ जास्त वाटलं. मी तो ट्रे बाहेर जाऊ दिला नाही. माझाच ट्रे, मीच परत पाठवला. मावशी बघतच राहिल्या.

बाबा घरी आले, गल्ल्यावर बसले, सव्वाअकराला हात पुढे केला. "काटा." मी म्हटलं, नाही. पुन्हा म्हणाले. मी पुन्हा नाही म्हटलं. भर दुपारी, डेपोतले दहा-बारा ड्रायव्हर जेवत असताना आमचं असं कडाक्याचं भांडण झालं की दोघेजण ताट अर्धं टाकून उठले. ते म्हणाले, "तू मला माझ्या घरातून काढतेस." मी ओरडले, "मी तुम्हाला तुमच्या पायावर ठेवतेय!" मग आत जाऊन ओव्हनसमोर रडले. रागाने रडले, लिहून ठेव.

तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी लंगडत स्वयंपाकघरात आले, स्टुलावर बसले, पाय टोमॅटोच्या खोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "ते पत्रक कुठेय?" वाचलं. "ही काय रीत आहे? माझ्या पोरीने हे छापलं?" सुरी मागितली. हात थरथरतो, म्हणून मी काप करायचं खिसणीसारखं यंत्र दिलं, ते ढकलून दिलं. सुरीच. पहिली झुकिनी वाया गेली, दुसरी गेली. तिसरीचे काप कागदासारखे निघाले. आता रोज तिथे बसतात. तव्यावर भाजतात, तवा ठेवून दाबतात, काप उन्हाकडे धरून बघतात आणि तुला शिव्या देतात.

डॉक्टरांनी पायाचा निर्णय वीस मेपर्यंत पुढे ढकललाय. चार वाजताची साखर काल एकशे अठ्ठावन्न.

ताई


१ मे

ताई,

एकशे अठ्ठावन्न वाचून मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर टेबलावर मूठ आपटली. चहा सांडला.

तरी राग जात नाही. ते दुसरं बोट वाचलं असतं. आपण दोघी एकमेकींना उत्तरं लिहीत होतो तेवढ्यात ते गेलं. माझ्या हॉस्पिटलच्या अर्जावर मी आता एक नवा प्रश्न घातलाय, 'तुम्ही दिवसभरात काय काय चाखता?' परवा एका मिठाई करणाऱ्या बाईने तो वाचला आणि पेन ठेवून बोटांवर मोजायलाच लागली.

पत्रक पुन्हा छापायला जातंय. ते शेवटचं वाक्य मी काढून टाकलंय. त्या जागी काय लिहू, बाबांना विचार. शिव्या वगळून सांग म्हणावं.

चिमणी


२१ मे

धाकटे,

काल डॉक्टरकडे गेलो. त्याने पाय उलटसुलट करून पाहिला, बाजारात वांगी बघतात तसा. जखम कोरडी झाली म्हणाला. पाय ठेवतोय म्हणाला. मी म्हटलं, ठेवतोय म्हणजे? पाय तुझ्या बापाचा आहे का? मग त्याला जेवायला बोलावलं. यावेळी येतो म्हणाला.

आता तुझं पत्रक. लिहून घे. एक, झुकिनी कोवळीच हवी, जून झाली की बियांच्या जागी पाणी असतं. दोन, काप सुरीने. तीन, मीठ लावून ठेवणं, पुसणं, भाजणं, दाबणं, चारही करायचं, एकही गाळायचं नाही. चार, फ्लॉवर भाजूनच वाटायचा, त्यात एक अंडं, म्हणजे थर धरून राहतो. पाच, ट्रे निघाल्यावर वीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही, गिऱ्हाईक बोंबलत बसलं तरी. आणि शेवटचं वाक्य असं लिही, 'चवीत फरक कळतो.' ज्याला कळत नाही त्याने खानावळ काढू नये आणि पत्रकंही छापू नयेत.

आज दुपारी माझा पहिला ट्रे बाहेर जायचा होता. डॉक्टरसाठी आणि समोरच्या दोन ड्रायव्हरांसाठी, त्यांनाही आता साखर निघालीय. मी महिनाभर झटलो त्या ट्रेवर. ओव्हनमधून काढला, वीस मिनिटं ठेवला. थोरली आली, खिशातून काटा काढला. माझा काटा! कोपरा उचलला, तळापर्यंत. मी स्टुलावर बसून होतो. चाळीस वर्षांत मला कळलं नव्हतं की ट्रेच्या या बाजूला उभं राहणाऱ्याला ती दोन मिनिटं किती मोठी असतात.

आणि तिने मान हलवली नाही. "मीठ कमी आहे, बाहेर जाणार नाही," म्हणाली. माझा ट्रे! माझ्याच खानावळीत! माझं डोकं असं भडकलं की सुरी फेकणार होतो. डॉक्टर बाहेर ताटली घेऊन बसलेला. दुसरा ट्रे होईपर्यंत त्याला तासभर सॅलड चघळायला लावलं तिने.

ती गेल्यावर मी त्या ट्रेचा तुकडा चाखला. माझ्याच ट्रेचा, त्याला तुझी बंदी नाही. तिचं बरोबर होतं. हे तिला कळता कामा नये.

पाकीट तिच्याकडेच द्यावं लागतंय, पत्ता तिलाच नीट लिहिता येतो.

बाबा

ता. क. पाकीट उघडंच होतं. सगळं वाचलं, एप्रिलमध्ये तुला लिहिलेल्या पत्राची नक्कलसुद्धा त्यांनी आत ठेवली होती, ती 'निर्मळ सुख' वाली. दुसऱ्या ट्रेला मी मान हलवली होती. ते त्यांनी तुला लिहिलेलंच नाही, म्हणून मी लिहितेय. — ताई